ओळखीचा रेट

परवा रात्री साडेदहाला मेसेज. 'अगं १८ तारखेला पिल्लूचा बर्थडे आहे, दीड किलो ट्रफल करशील ना? आणि आपल्याला काय रेट लावणारेस?' यातलं 'आपल्याला' मी गेली पाच वर्षं झेलतेय.

मी डोंबिवलीत घरून केक करते. सुरुवात २०२०च्या लॉकडाऊनमध्ये झाली, म्हणजे तेव्हा सगळ्यांचीच झाली म्हणा, बिस्किटांचा चुरा आणि इनो घालून कुकरमध्ये केक करणाऱ्या बायका प्रत्येक बिल्डिंगमध्ये होत्या. बाकीच्यांचं वेड उतरलं, माझं नाही उतरलं. मग ओटीजी म्हणजे छोटा ओव्हन आला, केक फिरवायचं टर्नटेबल आलं, नोझलचा डबा आला, वर्षाला १०० रुपये भरून फूड लायसन्सवाल्यांचं रजिस्ट्रेशन काढलं, तो १४ आकडी नंबर स्टिकरवर छापून घेतला आणि मला वाटलं झालो आपण बिझनेसवाले. पहिली ऑर्डर मैत्रिणीची होती, मी तिला फक्त सामानाचे पैसे सांगितले. चूक तिथेच झाली, कारण तिने पुढच्या सहा जणींना तोच भाव सांगितला.

आता हिशोब सांगते, कारण बऱ्याच जणींना खरंच वाटतं की केक म्हणजे मैदा आणि साखर. माझा एक किलो ट्रफल, म्हणजे चॉकलेट केक, १००० रुपयांना जातो. त्यात प्रीमिक्स ११०, व्हिपिंग क्रीम ८०, डार्क कंपाउंड (केकसाठीचं लादीतलं चॉकलेट) १२०, गनाशसाठी (चॉकलेट-क्रीमचा लेप) फ्रेश क्रीम ३०, तेल-साखर-सिरप २०, बोर्ड आणि बॉक्स ५५, टॉपर-मेणबत्ती-सुरी ३०, वीज २०. झाले ४६५. उरले ५३५. आता वेळ धरा, स्पंज भाजणं, तो पूर्ण गार होऊ देणं (गरमवर क्रीम लावलं की सगळं घसरतं, हे मी एकदा रडून शिकलेय), थर, क्रम्ब कोट म्हणजे चुरा बसवणारा क्रीमचा पहिला पातळ हात, फ्रीजमध्ये सेट, मग फायनल, मग भांडी, आणि क्रीम लागलेली भांडी म्हणजे काय असतं ते ज्यांनी घासलीत त्यांनाच माहीत. हातातलं काम नुसतं मोजलं तरी साडेचार तास. म्हणजे तासाला ११९ रुपये. आता मैत्रीण म्हणते ७०० कर ना. बॉक्सवाला कमी करत नाही, क्रीमवाला करत नाही, महावितरण तर नाहीच नाही, म्हणजे ते ३०० जातात फक्त माझ्या ५३५ मधून. उरतात २३५, तासाला ५२. तिच्या दृष्टीने तीस टक्के सूट, माझी मजुरी मात्र निम्म्याहून खाली. हे कागदावर मांडेपर्यंत मलाही कळलं नव्हतं, मी आपली 'जाऊ दे ना, थोडंच तर कमी केलं' असं म्हणत बसायचे.

त्यात २०२४ मध्ये कोकोने जे केलं ते केलंच. तिकडे घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये पीक बसलं आणि जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढली. कंपाउंड म्हणजे कोको पावडर आणि वनस्पती तेल, दोन्हीकडून मार. मी क्रॉफर्ड मार्केटला गेले, नेहमीच्या दुकानात कंपाउंडच्या लादीचा भाव ऐकला आणि दोनदा विचारलं, दुकानदार म्हणाला मॅडम पुढच्या आठवड्यात याच्याही वर जाईल, आज घेऊन जा. सहा लाद्या पिशवीत घालून सीएसएमटीवरून डोंबिवली लोकल पकडली, उभ्याने. घाना कुठे आणि आमची ग वॉर्डातली गल्ली कुठे, पण पिशवी माझ्या खांद्यावर होती.

आणि युनिकॉर्नची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेपासूनची मैत्रीण, तिच्या लेकीचा पहिला वाढदिवस, जुलै महिना. दोन मजली, अडीच किलो, फॉन्डंट (साखरेच्या लगद्याचं आवरण), वर त्याचंच सोनेरी शिंग. माझ्या रेटने ४००० होत होते, ती म्हणाली २५००, 'घरचंच आहे ना गं, आणि तू घरीच तर असतेस.' मी हो म्हटलं. डोंबिवलीच्या जुलैत शिंग वाळतंय कुठे? दोन दिवस पंख्याखाली ठेवलं, तरी बोट लावलं की दबत होतं, शेवटी नवऱ्याने त्याच्यासमोर टेबललॅम्प लावून ठेवला. फॉन्डंट फ्रीजमधून बाहेर काढलं की दमट हवेत त्याला घाम फुटतो, आणि क्रीमवर चढवलं तर विरघळतं, म्हणून खाली सगळा गनाशचा लेप द्यावा लागतो, म्हणजे परत कंपाउंड. सामानातच १७०० गेले. मग तो केक मांडीवर घेऊन रिक्षाने डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीत, खड्डा आला की मी आणि रिक्षावाला दोघंही श्वास रोखून. हॉलवर पोचले तर फुग्यांची कमान चाललेली. फुगेवाल्याने ६००० सांगितले होते आणि तिने ते तिथेच फोनवरून पाठवले, एक अक्षर न बोलता. मला तिचा राग आला नाही खरं तर. तो फुगेवाला अनोळखी होता म्हणून त्याचं काम ते काम, आणि मी ओळखीची म्हणून माझी आवड.

त्या वर्षी डिसेंबर संपल्यावर एकदा वही घेऊन बसले. महिन्याच्या २३ ऑर्डरी. त्यातली अनोळखी माणसं किती? चार. बाकीची १९ म्हणजे मैत्रिणी, मैत्रिणींच्या जावा, सोसायटी, मुलाच्या वर्गातल्या आया, नवऱ्याचं ऑफिस. त्यातल्या १४ जणांना मी काही ना काही कमी केलेलं होतं. म्हणजे मी ज्याला डिस्काउंट म्हणत होते तोच माझा रेट होता, आणि १००० हा आकडा फक्त त्या चौघांसाठी आणि ज्यांना मागायला लाज वाटली त्या पाच जणांसाठी होता. घरून धंदा करणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं ओळखीतूनच येणार ना, दुसरीकडून कुठून येणार, माझं काय स्टेशनरोडला दुकान आहे? मग ओळखीला सूट द्यायची म्हणजे सगळ्यांनाच द्यायची.

सासूबाई चाळीत असताना दिवाळीला चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांना विचारलं, आई, तुमच्याकडे नाही का कोणी भाव कमी करून मागायचं? म्हणाल्या, "मागायचे की. पण चाळीत एकीला कमी केलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर कळायचं. मी भाव तोच घ्यायचे आणि डबा भरला की वरती चार चकल्या ठेवायचे." मग हसून म्हणाल्या, "त्याही मोडलेल्याच असायच्या."

हे मला पटलं. भाजीवालाही गवारीचे पैसे सोडत नाही, पण कढीपत्ता वरून टाकतो. माझ्याकडे मोडलेल्या चकल्या म्हणजे स्पंज लेव्हल करताना वरचा घुमट कापते ना, ते तुकडे. आधी मुलगा उभ्याउभ्या संपवायचा. आता ते गनाशमध्ये मळून गोळे करते, ओळखीच्या ऑर्डरीबरोबर सहा गोळ्यांची डबी. रेट सगळ्यांना तोच, स्टेटसवर लिहिलेला. आणि जिथे पैसे घ्यायचेच नाहीत तिथे एक रुपयाही घेत नाही, बहिणीच्या डोहाळजेवणाचा केक आहेर म्हणून दिला, सरळ सांगून. ते मधलं अर्धवट बंद. अर्ध्या पैशात केलेल्या केकवर मी मनातल्या मनात कुरकुरायचे, आणि समोरची म्हणायची मी विकत घेतलाय की.

सगळं गोड झालं असं नाही हां. युनिकॉर्नवाली मैत्रीण दुसऱ्या वाढदिवसाला ४००० ऐकून 'बघते' म्हणाली आणि बेकरीतून आणला. मी गेले होते, पायनॅपल होता, बरा होता, दोन तुकडे खाल्ले. दोघींनी केकचा विषय काढला नाही, बाकी सगळ्या गप्पा मारल्या. साडेदहाच्या मेसेजवालीला मी '१५०० आणि सोबत गोळे' असं पाठवलं, तिने अंगठा टाकला, विषय संपला. इतकं सोपं होतं हे? पाच वर्षं मी कशाला घाबरत होते देव जाणे.

नणंदेचं मात्र अजून जमलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, तीन किलो रसमलाई हवाय, आणि 'तुझ्या सोयीने कर गं, पैशाचं आपण बघू' असं म्हणाल्यात. दोनदा मेसेज टाइप केला, दोनदा पुसला. नवऱ्याची बहीण म्हणून त्यालाच विचारलं तर तो म्हणतो आहेर कर, आणि सासूबाई म्हणतात, "रेट सांग, माझीच मुलगी आहे, मला माहितीये ती कशी आहे."