तुम्ही विचारलंत म्हणून: डब्ल्यूएसडीएलमधला स्कीमा वेगळ्या फाइलींत ठेवावा का?

वेब सेवांचे काम करणाऱ्या सहकाऱ्यांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. सेवेच्या डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये, म्हणजे सेवेच्या एक्सएमएलमधील वर्णनात, सगळे प्रकार (संदेशांतील माहितीची रचना सांगणाऱ्या व्याख्या; त्यांचा संच म्हणजे स्कीमा) तिथल्या तिथे लिहावेत, की ते वेगळ्या एक्सएसडी, म्हणजे केवळ स्कीमाच्या, फाइलींमध्ये काढावेत. आणि काढले तर पुढे मोडू नयेत म्हणून सांभाळावेत कसे? पहिल्या भागाचे माझे उत्तर सरळ आहे: सेवा एकापेक्षा जास्त असतील, किंवा त्याच प्रकारांचा उपयोग सेवेबाहेर कुठेही होणार असेल, तर ते जरूर वेगळे काढावेत. सेवा एकच असेल आणि प्रकार पाच-सात असतील, तर आतच राहू द्यावेत. फाइल लांब दिसते एवढ्यावरून ती तोडण्याचे कारण नाही. दुसऱ्या भागाला मात्र एवढे थोडके उत्तर पुरत नाही.

फाइली वेगळ्या केल्यानंतर ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकींच्या मुळाशी एकच गोंधळ मला दिसत आला आहे, तो म्हणजे नाव आणि ठिकाण यांतला. नेमस्पेस, म्हणजे स्कीमातील नावे ज्या गटात मोडतात त्या गटाची ओळख, हे नाव आहे. ते वेबपत्त्यासारखे दिसते, पण तिथे काही सापडलेच पाहिजे असे कोणी सांगितलेले नाही. स्कीमा लोकेशन, म्हणजे स्कीमाची फाइल कुठे आहे ते सांगणारे ॲट्रिब्यूट, हे ठिकाण आहे, आणि इम्पोर्टच्या, म्हणजे दुसऱ्या नेमस्पेसचा स्कीमा आणण्याच्या, बाबतीत एक्सएमएल स्कीमाचे मानक त्याला केवळ सूचना मानते: साधनाने तिथून फाइल आणावी, दुसरीकडून आणावी, किंवा आपल्याजवळ आधीच असलेली वापरावी. जी गोष्ट आपण आज्ञा समजून लिहितो ती वाचणाऱ्या साधनाच्या लेखी सूचना असते, आणि प्रत्येक साधन ती आपापल्या परीने पाळते. एका साधनात चालणारी मांडणी दुसऱ्यात का चालत नाही, याचा उलगडा बहुधा इथेच होतो.

या गोंधळाला जुन्या दस्तऐवजांनीही थोडा हातभार लावलेला आहे. डब्ल्यूएसडीएल १.१ ही मार्च 2001 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेकडे आलेली टिपण स्वरूपाची मांडणी, मानक नव्हे; आणि तिच्यातल्याच एका उदाहरणात एक्सएसडी फाइल डब्ल्यूएसडीएलच्या स्वतःच्या इम्पोर्टने ओढलेली आहे. ते उदाहरण पाहून अनेकांनी तसेच लिहिले, काही साधनांनी ते चालवून घेतले, काहींनी नाकारले. पुढे 2004 मध्ये डब्ल्यूएस-आय संघटनेच्या बेसिक प्रोफाइल या नियमावलीने हा वाद मिटवला: डब्ल्यूएसडीएलच्या इम्पोर्टने केवळ दुसरी डब्ल्यूएसडीएल आणावी, आणि स्कीमा आणायचा असेल तर टाइप्स विभागात, म्हणजे डब्ल्यूएसडीएलमधल्या प्रकारांच्या भागात, एक स्कीमा एलिमेंट (एक्सएमएलचा घटक) लिहून त्याच्या आत स्कीमाचा इम्पोर्ट करावा. या बाहेरच्या स्कीमा एलिमेंटमध्ये इम्पोर्टखेरीज काहीच नसेल, तर त्याला टार्गेट नेमस्पेस (आतली नावे जिच्यात मोडतात ती) नसली तरी चालते, अशी सवलतही त्याच प्रोफाइलमध्ये आहे. मी आजही डब्ल्यूएसडीएलमध्ये असा एक रिकामा स्कीमा ठेवतो, त्यात दोन-तीन इम्पोर्ट लिहितो आणि दुसरा एकही प्रकार तिथे येऊ देत नाही.

आता प्रत्यक्ष कापाकापीविषयी, कारण पहिली चूक तिथेच होते. टाइप्स विभागातील स्कीमा उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवला की काम झाले असे वाटते. पण आत असताना तो स्कीमा बाहेरच्या डेफिनिशन्स एलिमेंटवर जाहीर केलेले प्रीफिक्स, म्हणजे नावापुढे लावायच्या नेमस्पेसच्या छोट्या खुणा, वारशाने वापरत असतो. बाहेर पडताच तो वारसा तुटतो. टाइप ॲट्रिब्यूटच्या किमतीत लिहिलेला प्रीफिक्सही त्यात येतो, आणि तो कोणत्या नेमस्पेसचा हे नव्या फाइलच्या मुळाशी पुन्हा लिहावे लागते. दुसरे असे की, एकाच टाइप्स विभागात दोन स्कीमा शेजारी असतील, तर त्यांच्यातला इम्पोर्ट ठिकाण न सांगताही चालतो, कारण दुसरा स्कीमा तिथेच असतो. फाइली वेगळ्या झाल्या की तेच ठिकाण स्पष्ट लिहावे लागते. शिवाय इम्पोर्ट वारशाने पुढे जात नाही: अ फाइलने ब आणली आणि ब ने क आणली, म्हणून अ ला क मधील नावे वापरण्याची मुभा मिळत नाही. तिने क चा इम्पोर्ट स्वतः केला पाहिजे. काही साधने इथे दुर्लक्ष करतात, आणि म्हणूनच ही चूक दुसऱ्याच्या यंत्रावर गेल्यावर उघडकीस येते.

इन्क्लूड आणि इम्पोर्ट यांतला भेद बहुतेकांना पाठ असतो: नेमस्पेस तीच असेल तर इन्क्लूड, वेगळी असेल तर इम्पोर्ट. मात्र ज्या फाइलला टार्गेट नेमस्पेसच नाही, तीही इन्क्लूड करता येते, आणि मग ती समावेश करणाऱ्याची नेमस्पेस धारण करते. जाणकार तिला सरड्याची उपमा देतात. ही सोय पहिल्या दिवशी मोहक वाटते, कारण एकच 'रक्कम' हा प्रकार कोणत्याही सेवेत टाकता येतो. पण दोन सेवांनी तो ओढला की दोन नेमस्पेसमध्ये दोन स्वतंत्र 'रक्कम' तयार होतात, कोड निर्माण करणारे साधन दोन क्लास बनवते, आणि एकातून दुसऱ्यात किमती उतरवून घेणारा कोड आपल्याला हाताने लिहावा लागतो. सामाईक प्रकारांना त्यांची स्वतःची नेमस्पेस द्यावी आणि त्यांचा इम्पोर्ट करावा, हे माझे ठाम मत आहे.

इथेच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिने माझे दोन दिवस घेतले होते. स्थानिक, म्हणजे प्रकाराच्या आतच जाहीर केलेल्या, एलिमेंटना नेमस्पेस लागते की नाही हे ठरवणारे एलिमेंट फॉर्म डिफॉल्ट हे ॲट्रिब्यूट नेमस्पेसला लागू नसते, ते त्या त्या फाइलला लागू असते, आणि लिहिलेच नाही तर उत्तर 'लागत नाही' असे धरले जाते. एका मोठ्या स्कीमाच्या आम्ही तीन फाइली केल्या, आणि तिसऱ्या फाइलमध्ये ते ॲट्रिब्यूट लिहायचे राहिले. स्कीमा वैध होता, कोडही तयार झाला, पण संदेशातील एका भागाची एलिमेंट्स नेमस्पेसविना जाऊ लागली आणि समोरच्या प्रणालीला ती रिकामी दिसत राहिली. चूक झाल्याची सूचना कुठेच उमटली नाही, म्हणून शोध लांबला.

तोडणी कशाच्या आधारे करावी? आकारावरून करू नये. ज्यांचा बदल एकाच वेळी आणि एकाच माणसांच्या निर्णयाने होतो, ते प्रकार एकत्र असावेत. माझ्या कामात बहुधा तीन थर होतात: सर्वांनी वापरायचे मूलभूत प्रकार, त्या विषयक्षेत्राचे प्रकार, आणि त्या एका सेवेच्या विनंती व प्रतिसादाची एलिमेंट्स. तिसरा थर सेवेच्याच मालकीचा असतो आणि तो इतर कोणी वापरू नये. प्रत्येक प्रकाराला एक फाइल देणारी मांडणीही मी पाहिली आहे. तिच्यात फाइली उघडण्यातच दिवस जातो.

एकाच नेमस्पेसच्या अनेक फाइली झाल्या असतील, तर त्या सर्वांना इन्क्लूड करणारी एक दर्शनी फाइल ठेवावी आणि बाहेरच्यांनी केवळ तिचाच इम्पोर्ट करावा. कारण असे की झर्सीससारखा प्रचलित पार्सर (एक्सएमएल वाचणारे साधन), वेगळी सूचना दिली नाही तर, एकदा पाहिलेल्या नेमस्पेसचा दुसरा इम्पोर्ट दुसऱ्या ठिकाणाचा असला तरी दुर्लक्षित करतो. मग दुसऱ्या फाइलमधले नाव सापडत नाही अशी तक्रार येते, फाइल डोळ्यांसमोर असते, आणि आपण तिच्यातील अक्षर न् अक्षर तपासत बसतो.

ठिकाणे लिहिताना ती सापेक्ष असावीत. सापेक्ष ठिकाण हे आणणाऱ्या फाइलच्या जागेवरून मोजले जाते, डब्ल्यूएसडीएलच्या जागेवरून नव्हे. चालू सेवेकडून डब्ल्यूएसडीएल मागितली असता अनेक सर्व्हर ही ठिकाणे स्वतः नव्याने लिहितात, आणि मध्ये प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोहोचवणारा सर्व्हर) असेल तर त्यात आतल्या यंत्राचे नाव येऊ शकते. आमच्या कार्यालयात सर्व काही चालत होते, कारण ते यंत्र आम्हाला दिसत होते. बाहेरच्या ग्राहकाला मुख्य फाइल मिळाली आणि स्कीमा मिळाला नाही. तेव्हापासून मी बाहेरच्यांना चालू सेवेचा दुवा देत नाही, तपासून ठेवलेला फाइलींचा संच देतो. घेणाऱ्याचे साधन अनेक फाइलींना नाखूश असेल, तर सर्व स्कीमा पुन्हा टाइप्स विभागात, प्रत्येक नेमस्पेसचा एक याप्रमाणे, भरून एकसंध डब्ल्यूएसडीएल तयार करावी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ४.५ पासून त्यातली डब्ल्यूसीएफ ही सेवा बांधण्याची चौकट ती स्वतःच देऊ शकते. ही एकसंध फाइल बिल्डमधून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बांधणीतून, निघावी, हाताने कोणी संपादित करू नये. डॉटनेटचेच एसव्हीसीयूटिल हे ग्राहकाचा कोड तयार करणारे साधन स्थानिक फाइलींवर चालवताना इम्पोर्टच्या मागे जात नाही, तिथे प्रत्येक एक्सएसडी आज्ञेत नमूद करावी लागते, हेही ग्राहकाला आधीच कळवलेले बरे.

आवृत्त्यांबद्दल थोडेच सांगतो. जुन्या ग्राहकाला न मानवणारा बदल असेल तर नवी नेमस्पेस द्यावी. ऐच्छिक एलिमेंटची भर निरुपद्रवी मानली जाते, पण ती विनंतीत असेल तरच. प्रतिसादात नवे एलिमेंट पाठवले तर काटेकोर पडताळणी करणारा जुना ग्राहक संपूर्ण संदेश नाकारतो. आणि बदल केल्यावर 'आम्हाला जुनेच दिसते' अशी तक्रार आली, तर आधी कॅशेविषयी, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीविषयी, विचारावे: पीएचपीचा सोप क्लायंट (वेब सेवेला संदेश पाठवणारा भाग) डब्ल्यूएसडीएल मूळ मांडणीत 86,400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, जपून ठेवतो.

संच पाठवण्यापूर्वी मी तो एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवतो, यंत्राचे नेटवर्क बंद करतो आणि ग्राहकाचा कोड तयार करून पाहतो. भाषा दर्शवणाऱ्या ॲट्रिब्यूटसाठी लागणारा एक्सएमएल नेमस्पेसचा स्कीमा पुष्कळ जण थेट डब्ल्यूथ्रीसीच्या सर्व्हरवरून ओढतात, आणि तो इथे हमखास अडकतो. 2008 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने स्वतःच सांगितले होते की अशा फाइलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला 13 कोटींपर्यंत विनंत्या येत आहेत. त्यामुळे तिथून उत्तर उशिरा आले किंवा आलेच नाही, तर त्यांना बोल लावता येत नाही. त्या फाइलची प्रत संचातच ठेवावी, आणि मूळ ठिकाण बदलायचे नसेल तर एक्सएमएल कॅटलॉगमध्ये त्या ठिकाणापुढे आपल्या प्रतीची वाट लिहून द्यावी.