बारा वर्षांचं घायपात आणि एक घोट मेस्काल

आमच्या सोलापूरकडे घायपाताची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. बांधावर, रुळांच्या कडेला, जिथे दुसरं काही येत नाही तिथे ते उभं असतं. पोळ्याच्या आधी त्याचा वाख काढून दावी, कासरे वळलेले मी लहानपणी पाहिलेत. पण हे झाड मूळचं मेक्सिकोचं, आणि इथे त्याच्या कितीतरी जाती डोंगरांवर आपल्या आपण उगवतात, हे मला मेक्सिकोतल्या पुएब्लात राहायला आल्यावर कळलं.

गेल्या फेब्रुवारीत ऑफिसातली मैत्रीण मला तिच्या माहेरी, वाहाकाला घेऊन गेली. तिथून तासाभरावर सांता कातारिना मिनास नावाचं गाव आहे. तिच्या मामांची तिथे मेस्कालची, म्हणजे घायपाताच्या दारूची, भट्टी आहे. भट्टीला इथे पालेन्के म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला माएस्त्रो. आपण गवयाला उस्ताद म्हणावं, त्याच आदराने.

आम्ही पोचलो तेव्हा खड्डा उघडत होते. जमिनीत खोल खड्डा, तळाशी लाकडं पेटवून लाल केलेले दगड, त्यांवर घायपाताचे गड्डे रचलेले आणि वरून चटया नि माती. चार दिवस ते सगळं आत शिजत राहिलेलं. वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा, त्यात आगटीत भाजलेल्या हुरड्याचा धूर मिसळलेला. मामांनी कोयत्याने एक तुकडा काढून हातावर ठेवला. उसासारखा चावायचा, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. गोड, आणि शेवटी किंचित कडू. ‘मेस्काल’ हा शब्दच इथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला आहे, अर्थ ‘शिजवलेलं घायपात’. चव घेतल्यावर तो अर्थ पुन्हा कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढचं काम अंगमेहनतीचं. दोन माणसं लाकडी डोणीत ते गड्डे मोठ्या लाकडी मोगऱ्यांनी ठेचत होती. यंत्र नाही. ठेचलेला लगदा लाकडी पिंपात टाकतात, पाणी घालतात आणि वाट बघतात. यीस्ट बाहेरून घालत नाहीत, हवेतलं नि झाडावरचं जे असेल तेच आंबवतं. थंडीत जास्त दिवस, उन्हाळ्यात कमी. किती दिवस, असं मी विचारलं तर मामा पिंपाला कान लावून म्हणाले, “ते बोलायचं थांबलं की.” खरंच आत बुडबुड्यांची कुजबुज चालू होती.

मग ऊर्ध्वपातन, तेही मातीच्या मडक्यांत. खाली मडकं, त्यावर दुसरं बिनबुडाचं मडकं, सर्वांत वर थंड पाण्याची परात. वाफ परातीच्या तळाला लागून थेंब होते, आतल्या लाकडी पळीत पडते आणि वेळूच्या नळीतून बाहेर येते. मोहाची किंवा फेणीची जुनी भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. दोनदा गाळल्यावर मामांनी वेळूच्या नळीने थोडं ओढून तुंब्याच्या वाटीत उंचावरून सोडलं. वर मोत्यांसारखे बुडबुडे आले आणि काही क्षण टिकून राहिले. बुडबुड्यांच्या आकारावरून आणि ते किती वेळ टिकतात त्यावरून ते धार किती तेज आहे हे ठरवतात. तेवढा वेळ कुणी बोलत नव्हतं.

आता मला मुख्य सांगायचंय ते. बाजारात मिळणारं बहुतेक मेस्काल एस्पादीन नावाच्या लागवडीच्या जातीचं असतं, ती सहा-आठ वर्षांत तयार होते. पण रानातलं तोबाला बारा-पंधरा वर्षं घेतं, आणि त्याचा गड्डा मात्र छोटा. कातळाला धरून वाढणाऱ्या तेपेस्तातेला तर पंचवीस वर्षंही लागतात. आयुष्यात एकदाच दांडा येतो, फुलतो, आणि झाड मरतं. सगळी साखर त्या एका फुलोऱ्यासाठी साठवलेली असते, म्हणून मेस्कालसाठी ते फुलण्याआधीच काढायचं. तोबालाला मुनवे फुटत नाहीत, ते फक्त बियांतून येतं. प्रत्येक झाड फुलण्याआधी काढलं तर पुढे बी येणार कुठून? परदेशातली मागणी वाढली तशी कित्येक डोंगरांवरची झाडं मोठी व्हायच्या आतच उपटली गेली. मामा हे सांगताना थांबले आणि हात पुसत राहिले.

त्यात वटवाघळं आहेत. लांब नाकाची वटवाघळं रात्री या फुलांतला मध पितात आणि परागकण नेतात. रोद्रिगो मेदेयीन नावाचे इथले वटवाघळांचे अभ्यासक उत्पादकांना सांगत आले आहेत की शंभरातली पाच झाडं तरी फुलू द्या. मामांनी हे त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं. ते वडिलांपासून दर उतारावर काही दांडे उभे ठेवत आलेत.

दुसरी गोष्ट मला अजून टोचते. 1994 साली मेस्कालला भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं, आपल्या फेणीला 2009 मध्ये मिळालं तसं. नंतरच्या नियमांनी मातीच्या मडक्यातल्या मेस्कालला ‘आन्सेस्त्राल’, म्हणजे ‘वाडवडिलांपासूनचं’, असा वेगळा वर्गही दिला. चांगलंच झालं. पण प्रमाणपत्राचा खर्च पेलत नाही अशा कितीतरी घरांना बाटलीवर मेस्काल लिहिता येत नाही. ‘आगावेचा (म्हणजे घायपाताचा) अर्क’ एवढंच लिहायचं. मामांच्या आजोबांनी हेच केलं, हाच शब्द वापरला, आणि तोच शब्द आज त्यांना परवानगीशिवाय छापता येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलात आणि रानातल्या जातीचं मेस्काल घ्यायचं ठरवलंत, तर बाटलीवर झाडाचं, गावाचं आणि माएस्त्रोचं नाव आहे ना, बघा. स्वस्त मिळालं तर नका घेऊ. आणि घोट घोट घ्या. मी त्या दिवशी एक छोटा पेला संध्याकाळभर पुरवला.

निघताना मामांनी परसातला वाफा दाखवला. बोटभर उंचीची तोबालाची रोपं, गोमूत्र की राख असं काहीतरी शिंपडलेलं असावं असा वास. शेजारी सुकलेल्या बोंडातून त्यांनी काळं, चपटं, कागदासारखं पातळ बी माझ्या तळहातावर ओतलं आणि लगेच परत मोजून घेतलं. “जूनच्या पावसात डोंगरावर नेऊन लावतो,” म्हणाले. कापायला कोण असेल, मैत्रिणीने विचारलं. त्यांनी अंगणात कुत्र्यामागे धावणाऱ्या सहा वर्षांच्या नातीकडे हनुवटीने दाखवलं.