बायोडाट्यातला चेहरा आणि हात

परवा मामीने व्हॉट्सॲपवर मामेबहिणीचा नवीन फोटो पाठवला, लग्नाच्या बायोडाट्यासाठी नाशिकला कॉलेज रोडच्या एका स्टुडिओत काढलेला, खाली "कसा आलाय सांग". मी ऑफिसला निघाले होते, मेट्रोत उभ्या उभ्याच उघडला आणि खरं सांगते, पहिल्यांदा ओळखलंच नाही. जांभळी पैठणी मामीची, नथ आजीची, पण चेहरा कोणाचा? नाकाच्या बाजूचा तीळ गायब, कपाळ गुळगुळीत, रंग दुधासारखा. मग झूम केलं तर मांडीवर ठेवलेले हात दिसले. ते मात्र तिचेच, सावळे, उजव्या हातावर लहानपणी कुकर लागला होता त्याचा डाग सुद्धा जागेवर. फोटोवाल्याने चेहरा आणि गळा उजळला आणि हात करायचे विसरला. एका बाईच्या अंगावर दोन बायकांचे रंग! दिवसभर कामात लक्ष लागलं नाही माझं.

इथे नॉर्वेत 1 जुलै 2022 पासून कायदा आहे, जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार किंवा त्वचा एडिट केली असेल तर त्या फोटोवर तसा सरकारने ठरवून दिलेला शिक्का मारावा लागतो. कंपन्यांनाच नाही, पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सर लोकांना पण, आणि फिल्टर लावून त्वचा बदलली तरी. नाही मारला तर दंड होऊ शकतो. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते, कारण आपण लहानपणापासून ज्या जाहिराती बघितल्या, त्यात मुलगी काळी असताना रडते आणि गोरी झाली की नोकरी पण मिळते आणि नवरा पण, त्याच्यावर कोणी एक ओळ सुद्धा लिहिली नव्हती की बायांनो हे खरं नाही. आपल्याकडे 2014 मध्ये जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेने नियम केले की सावळा रंग कमीपणाचा दाखवायचा नाही, 2020 मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' पण गेलं. पण 'रंगाने जरा सावळी आहे पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य कुठे गेलं? त्यातला तो 'पण' मी माझ्याबद्दल इतक्या वेळा ऐकलाय की आता कोणी नुसतं 'नीटस' म्हणालं तरी मला त्याच्या आधीचं ऐकू येतं.

आता लगेच कोणी म्हणेल की परदेशात गेली आणि तिथलं सगळं चांगलं दिसायला लागलं. तसं नाहीये. इथे जूनमध्ये ऊन पडलं की ऑफिसच्या बायका जेवणाच्या सुट्टीत गवतावर आडव्या होतात, रंग यावा म्हणून, आणि मी झाडाखाली बसते तर मला विचारतात तू आजारी आहेस का. नाशिकला आम्ही स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून फिरायचो, इथे त्याच उन्हासाठी पैसे मोजून सोलॅरियमच्या, म्हणजे दिव्यांनी कातडी रापवणाऱ्या, मशीनमध्ये झोपतात. 18 वर्षांखालच्या मुलांना बंदी घालावी लागली त्याच्यावर, कारण त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांमध्ये नॉर्वे येतो. म्हणजे शिक्का आहे म्हणून इथल्या मुली सुटल्या असं अजिबात नाही.

आणि एकदा जेवताना एक कलीग फार कळवळून म्हणाली की तुमच्याकडे बायकांना काही किंमतच नाही ना. मला इतका राग आला! मी तिला सांगितलं की तुमच्या बायकांना मत द्यायला 1913 उजाडलं, आमच्याकडे 1951-52 च्या पहिल्याच निवडणुकीत माझ्या पणजीने मत दिलं होतं, पंतप्रधान बाई आमच्याकडे 1966 ला आणि तुमच्याकडे 1981 ला, आणि आमच्या महाराष्ट्रात जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत सगळीकडे निम्म्या जागा बायकांना आहेत. ती गप्प बसली. घरी आल्यावर मला आठवलं की माझी पणजी मत द्यायला गेली तेव्हा आजोबांनी सांगितलेल्या खुणेच्या पेटीत मतपत्रिका टाकून आली होती. ते मी कलीगला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. घरातलं आहे ते.

मी हे सगळं लांब बसून बोलतेय असं वाटेल म्हणून स्वतःचं सांगते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी एका मेडिकलमधून ट्यूब आणली होती, मैत्रिणीच्या ताईचं लग्न होतं आणि तिथे मला बघायला कोणी येणार होतं. चिठ्ठी वगैरे काही नाही, दुकानदाराने "पंधरा दिवसात फरक" म्हणून हातात दिली. फरक पडला. महिन्याभरात गाल लाल, ऊन लागलं की आग, लावायची बंद केली की पुरळ, म्हणून परत लावायची. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघूनच सांगितलं की यात स्टेरॉइड आहे, याने कातडी पातळ होते. बरं व्हायला दीड वर्ष गेलं. 2018 पासून अशी स्टेरॉइडची क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा नियम आहे, तो आधी असता तर माझा गाल वाचला असता असं मला वाटतं, आणि आईने तेव्हा एकदा जरी म्हटलं असतं की नको लावू, आहेस तशी चांगली आहेस, तरी वाचला असता.

मी लिपस्टिक लावते, थ्रेडिंग करते, दिवाळीला उटणं लावते आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. मला आवडतं. पण न लावता गेले तरी इथे कोणी विचारत नाही, बरं नाही का, रात्रभर जागलीस का. नाही लावलं तर काही बिघडत नाही, ही जी मोकळीक आहे ना, तिची सवय व्हायलाच मला तीन वर्षं लागली.

मामेबहीण अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, हाताखाली नऊ माणसं, सगळे पुरुष. सिडकोतल्या फ्लॅटचा हप्ता तिच्या पगारातून जातो, मामाच्या अँजिओप्लास्टीचा खर्च तिने केला. अहवालावर तिची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. आणि तिच्याच चेहऱ्याला मात्र पास-नापास दुसरे करणार, ते पण तिचा नसलेल्या चेहऱ्याला. याला मी कुठल्या तोंडाने सक्षमीकरण म्हणू?

रविवारी मामीला फोन केला. हे सगळं बोलले. मामी शांतपणे ऐकून म्हणाली, "अगं तुझं झालंय सगळं, तू तिकडे आहेस. माझ्या पोरीला एकतीसावं लागलंय. फोटो बघूनच नाही म्हणतात लोक, घरी यायची वेळच येत नाही. घरी आले तर बोलतील तरी तिच्याशी." मला उत्तर देता आलं नाही. मामी वाईट नाहीये. तिने पोरीला शिकवण्यासाठी स्वतःच्या पाटल्या मोडल्यात, सराफ बाजारात मीच गेले होते बरोबर.

बहिणीला रात्री वेगळा मेसेज केला, हाताचा भाग गोल करून. तिने आधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत मूळ फोटो मागायला गेली, तर फोटोवाला म्हणाला डिलीट झाला. मग बुधवारी शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गच्चीवर मैत्रिणीने मोबाईलवर एक काढला, मागे पाण्याची टाकी, केस थोडे विस्कटलेले, तीळ जागेवर, चेहरा आणि हात एकाच रंगाचे. फार गोड हसलीय.

तो तिने मामीला पाठवलाय. मामीने अजून पुढे पाठवलेला नाही.