इझमीर ते एदिर्ने: शब्बताई झ्वीच्या मागावर

तुर्कीला गेलं की सगळे इस्तंबूल-कापादोकिया करतात, आम्ही सतराव्या शतकातल्या शब्बताई झ्वी या ज्यू धर्मगुरूच्या नादाने इझमीर धरलं. माणूस भन्नाट. 1626 चा जन्म इथलाच, पुढे गाझाच्या नेथनने 1665 मध्ये हाच मसीहा म्हणून डांगोरा पिटला आणि युरोपपासून येमेनपर्यंतचे ज्यू घरदार विकून पवित्र भूमीला निघायच्या तयारीला लागले.

त्याचं म्हणून दाखवतात ते घर आगोराच्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकाच्या, अवशेषांजवळ आहे, पण बघण्यासारखं फार नाही, दहा मिनिटं पुरेत. खरी मजा केमेराल्ती बाजारात, तिथल्या हावरा सोकाक म्हणजे सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांच्या) गल्लीत. मासे, ऑलिव्ह, भाज्यांचा नुसता कलकलाट आणि मधेच एखादं कुलूपबंद दार, आत सिनेगॉग. पोर्तुगीज सिनेगॉग याच बाजारात. डिसेंबर 1665 मध्ये विरोधकांनी आत घेतलं नाही म्हणून शब्बताईने ऐन शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र सुट्टीला, कुऱ्हाडीने दार फोडलं आणि आत जाऊन मित्रांना राज्यं वाटली, राजे म्हणून!

सिनेगॉग आतून बघायचे तर आधी ईमेल करून पासपोर्टची कॉपी पाठवा, ऐनवेळी गेलात तर बाहेरूनच परत. आणि शनिवार टाळा, अलिबागकडच्या शनिवार तेल्यांची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंची, आठवण असेल तर वेगळं सांगायला नको. सकाळी बोयोझ खा, स्पेनहून आलेल्या ज्यूंचा पदार्थ, आपल्या खारीचा गोल भाऊच, सोबत उकडलेलं अंडं आणि चहा.

पण वेळ कमी असेल तर मी म्हणेन एदिर्ने चुकवू नका. इस्तंबूलहून बसने साधारण अडीच-तीन तास. सप्टेंबर 1666 मध्ये इथल्या राजवाड्यात सुलतान चौथ्या मेहमेदपुढे शब्बताईला उभं केलं, मुसलमान हो नाहीतर मर, आणि याने पगडी बांधली, अझीझ मेहमेद एफेंदी झाला, वर दरबारी पगार चालू! वाडा 1877-78 च्या रशियन युद्धात दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला, थोडे अवशेष आणि न्यायाचा बुरूज तेवढा उरलाय. शहरातून चालत जाता येतं, पण ऊन असतं, टोपी-पाणी घ्या. उन्हाळ्यात शेजारीच तेल लावून कुस्त्यांचा मोठा आखाडा भरतो, तेव्हा हॉटेलं मिळणं अवघड, तारखा बघूनच बुकिंग करा.

पुढे बाल्कनला जाणार असाल तर माँटेनेग्रोतलं उल्सिन जोडा, हद्दपार होऊन तो 1676 मध्ये तिकडेच वारला. आम्हाला व्हिसाच्या भानगडीत ते जमलं नाही.