मन बदललं, आवाज कुणाचा ठेवायचा?

ॲनिमेशनमध्ये दोन पात्रांच्या मनांची अदलाबदल झाली की हा प्रश्न येतोच. 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या ॲनिमेशन मालिकेचा 'द ग्रेट ब्रेन रॉबरी' (२००६) हा भाग बघा. सुपरहिरो फ्लॅशचं मन खलनायक लेक्स ल्यूथरच्या शरीरात जातं, ल्यूथरचं फ्लॅशच्या. आवाज मात्र जागचे हलत नाहीत. फ्लॅशला आवाज देणारा मायकल रोझेनबॉम एकदम थंड, तोलूनमापून बोलायला लागतो आणि ल्यूथरचा क्लॅन्सी ब्राउन त्याच भारदस्त आवाजात उनाड पोरासारखा. हात न धुता बाथरूममधून निघालेल्या या 'ल्यूथर'ला कुणी टोकलं तर उत्तर काय, तर नाही धुणार, मी दुष्ट आहे! त्यात रोझेनबॉम त्या काळात 'स्मॉलव्हिल' या टीव्ही मालिकेत ल्यूथरच साकारत होता.

दुसरी पद्धत सोपी: आवाज मनाबरोबर पाठवून द्यायचा. 'फ्युचरामा' या ॲनिमेशन मालिकेच्या 'द प्रिझनर ऑफ बेंडा' या भागात (२०१०) नऊ मनं इकडची तिकडे होतात. तिथे हाच मार्ग शहाणपणाचा, नाहीतर कोण कुठे आहे याची वही घेऊन बसावं लागेल. पण दोघांच्याच अदलाबदलीत ही पळवाट वाटते. समोरच्या माणसाच्या तोंडून भलताच आवाज येतोय आणि घरातल्या कुणालाच पत्ता नाही, हे पटवायचं कसं?

आवाज शरीराजवळ ठेवायचा ठरला तर रेकॉर्डिंगचा क्रम महत्त्वाचा. आधी मनाच्या मालकाकडून, म्हणजे ज्या पात्राचं मन आहे त्याला आवाज देणाऱ्या कलाकाराकडून, सगळी वाक्यं वाचून घ्यायची. शरीराच्या कलाकाराने ती ऐकून आपल्या आवाजात म्हणायची. उचलायचं काय? वाक्य कुठे तोडतो, जोर कुठल्या शब्दावर देतो, श्वास कधी घेतो, हसण्याआधी थांबतो का, एवढंच. आवाजाचा पोत उचलायला गेलं की मिमिक्री होते आणि पात्र हातचं जातं. हसणं, कण्हणं, किंचाळणं हे सहसा विसरलं जातं. शेवटी घाईत नेहमीचेच आवाज चिकटवले जातात आणि नेमक्या मारामारीत भ्रम तुटतो. मनातलं बोलणं मात्र मनाच्या मालकाच्याच आवाजात ठेवावं. प्रेक्षकाला तेवढाच आधार. संहितेत प्रत्येक संवादापुढे दोन्ही नावं हवीत: 'ल्यूथर, आत फ्लॅश'. एकच नाव लिहिलं की स्टुडिओत चुकीच्या माणसाला बोलावलं जातं.

अमेरिकेत बहुधा आवाज आधी आणि चित्रं नंतर, त्यामुळे ॲनिमेटरला कलाकाराच्या लकबी आयत्या मिळतात. जपानमध्ये साधारण उलटं. डबिंगमध्ये तर चित्र ठरलेलं आणि कलाकार एकेकटे येतात. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग मागितल्याशिवाय ऐकायला मिळत नाही. ते मागावंच.

मुलगा-मुलगी अदलाबदल मराठीत आणायची तर खरं काम क्रियापद करतं. इंग्रजीत क्रियापदावरून बोलणारा मुलगा की मुलगी ते कळत नाही. जपानीत ते ओझं 'मी'वर पडतं: 'युअर नेम' (२०१६) चित्रपटात ताकी या मुलाच्या शरीरातली मित्सुहा ही मुलगी 'वाताशी' या मुलींच्या तोंडी शोभणाऱ्या 'मी'पासून चाचपडत 'ओरे' या मुलांच्या रांगड्या 'मी'पर्यंत पोचते तेव्हा कुठे मित्रांचा जीव भांड्यात पडतो. आपल्याकडे 'आलो-आले', 'करतोय-करतेय' म्हणताच पितळ उघडं. लपवायचंय? मग 'मी दार उघडलं', 'मला भूक लागली', 'मी बघेन' अशी वाक्यं घ्यावीत. त्यात बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. 'आम्ही आलो' तर दोघांनाही चालतं. चूक दाखवायची असेल तर 'मी विसरले… विसरलो!' एवढं पुरतं, आणि आवाज शरीराचाच असेल तरच त्याला हशा मिळतो. गुपित माहीत असलेली मैत्रीण मुलाच्या शरीराला 'अगं' म्हणते, बाकीचे 'अरे'. हा फरक अनुवादकाने पहिल्या वाचनातच ठरवून टाकावा.

अडचण ओठांची. 'लो'ला ओठ गोल होतात, 'ले'ला पसरतात. क्लोजअपमध्ये पात्राचे ओठ शेवटी गोल असतील आणि आपल्याला 'आले' हवं असेल, तर क्रियापद मागे सरकवून शेवटी 'हो' किंवा 'बघू' घालावं.