दीड टक्का की तेरा टक्के?

इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी प्रबंधासाठी विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता हा विषय घेतला. मोबाईल, वायफाय किंवा वीजवाहिन्यांच्या सान्निध्यात आपले डोके दुखते, झोप उडते, त्वचेची आग होते, असे सांगणारी माणसे लोकसंख्येत किती, हे मला पाहायचे होते. ही लक्षणे खरी असतात, परंतु त्यांचा या उपकरणांभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रांशी संबंध जोडण्यास शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच स्पष्ट केले होते. निदानाची चाचणीच नसल्यामुळे मोजण्यासारखे हाती उरते ते फक्त माणसाचे उत्तर.

महिनाभरात वेगवेगळ्या देशांत आधी झालेल्या पाहण्यांचा तक्ता तयार झाला. स्टॉकहोम परगण्यात १९९७ मध्ये टपालाने १५,००० प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. उत्तरे देणाऱ्या ७३ टक्क्यांपैकी दीड टक्के लोकांनी हा त्रास नोंदवला होता. कॅलिफोर्नियात ३.२ टक्के, स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली ५ टक्के आणि तैवानमध्ये २००७ साली तब्बल १३.३ टक्के. मी सरासरी काढून मोकळा झालो. मार्गदर्शक बाईंनी तक्त्यावर नजर टाकून एवढेच विचारले, "या लोकांना नेमके विचारले काय होते?" ते मी टिपूनच घेतले नव्हते.

त्या पाहण्यांचे शोधनिबंध पुन्हा उघडले, तेव्हा घोळ कळला. कुठे विद्युत वा चुंबकीय क्षेत्रांविषयी विचारले होते, तर कॅलिफोर्नियात विजेच्या उपकरणांजवळ गेल्यावर 'अ‍ॅलर्जी होते किंवा फार त्रास होतो का', असे. शब्दांनी किती फरक पडतो ते पाहावे म्हणून मी साताऱ्याच्या आत्याला फोनवर विचारले, "मोबाईलचा त्रास होतो का गं?" ती म्हणाली, "होतो की! दिवसभर त्या कर्जवाल्यांचे फोन." माझ्या हिशेबात आत्या रुग्ण ठरली असती.

शिवाय कॅलिफोर्निया आणि स्वित्झर्लंड येथील मुलाखती दूरध्वनीवरून झाल्या होत्या. ज्याला फोनच सोसत नाही, तो या गणतीत कितपत सापडणार? उलट, टपालाने आलेली प्रश्नावली ज्याला त्रास आहे तोच अधिक आस्थेने भरून पाठवतो. त्यात तैवानमधल्याच नंतरच्या पाहणीत आकडा ४.६ टक्क्यांवर आलेला दिसला.

अखेरीस सरासरीचा रकाना मी काढून टाकला आणि तेथे प्रत्येक पाहणीतील प्रश्न मूळ शब्दांत लिहिला. दोन पानांचा तक्ता सात पानांचा झाला.