चोविसावा दिवस

प्रयोगशाळेत आलेल्या फॉर्मवर वयाच्या रकान्यात '24 दिवस' असं लिहिलेलं दिसलं आणि डबी उघडण्याआधीच अडचण लक्षात आली. मागणी होती लघवीच्या सीएमव्ही पीसीआरची, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीची. कारण: श्रवणचाचणीत दोन्ही कान 'रेफर', म्हणजे नापास.

सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू. गरोदरपणात आईकडून वारेतून बाळापर्यंत पोचणाऱ्या विषाणूंत हा सगळ्यात जास्त आढळतो, आणि आयांनी नाव सगळ्यात कमी ऐकलेलाही हाच. लागण झालेली दहातली नऊ बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात. त्यांतल्याही शंभरात दहा-पंधरा जणांचं ऐकणं पुढे कमी होत जातं.

पण हाच विषाणू आईच्या दुधातूनही येतो. तसा आला तर लघवीत आणि लाळेत उतरायला त्याला तीनेक आठवडे लागतात. म्हणून 21 दिवसांच्या आत सापडला तर तो पोटातला. नंतर सापडला तर काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही. दुधातून लागलेला पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा त्रास देत नाही, तेव्हा हा फरक नुसता कागदावरचा नव्हे.

लघवी पॉझिटिव्ह आली, विषाणू भरपूर. आता?

पहिली श्रवणचाचणी तिसऱ्या दिवशीच नापास झाली होती. 'कानात पाणी असेल, तीन आठवड्यांनी या,' असं सांगून घरी पाठवलं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण त्याच दिवशी गालाच्या आत एक स्वॅब फिरवला असता तर? पाजल्यानंतर तासभर थांबायचं, म्हणजे दुधातला विषाणू स्वॅबला लागत नाही. लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करायची. एवढंच.

सोबत आईचा टॉर्चचा, म्हणजे गरोदरपणात बाळाला बाधणाऱ्या संसर्गांच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट जोडला होता. आयजीजी (जुन्या लागणीची प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या लागणीची) निगेटिव्ह, शेजारी पेनाने 'जुनं आहे, काळजी नको'. या शेऱ्याचा मला मनस्वी राग आहे. जुना विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, दुसऱ्या जातीची नवी लागणही होते. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर साधारण तिघींत एकीच्या बाळापर्यंत ती पोचते. जुनी असेल तर शंभरात एखादीच्या. पण जिथे बहुतेक बायका आधीच बाधित असतात, तिथे अशी बाळं बहुतेक या 'काळजी नको'वाल्या आयांचीच असतात. बाळाचीही टॉर्च झाली होती, आणि त्यातलं आयजीजी म्हणजे वारेतून आलेली आईचीच प्रतिद्रव्यं.

उरला एकच मार्ग: तिसऱ्या दिवशी थायरॉइडसाठी टाच टोचून घेतलेलं रक्ताचं कार्ड. ते सुदैवाने फेकलेलं नव्हतं. चार थेंबांपैकी एक थायरॉइडला गेलेला, तीन शिल्लक. पहिल्यातून 3 मिलिमीटरच्या तीन चकत्या पाडल्या. प्रत्येक चकतीआधी पंचने कोरा कागद कापायचा, नाहीतर आधीच्या बाळाचं रक्त याच्या नावावर चढतं. तीनपैकी एक चकती पॉझिटिव्ह, तीही पीसीआरच्या 37व्या चक्राला; जितकं उशिराचं चक्र, तितका विषाणू कमी. मी निकाल अडवला. दुसऱ्या थेंबातून चार चकत्या: दोन पॉझिटिव्ह. कोरे कागद सगळे स्वच्छ. रक्तात विषाणू इतका थोडा असला की एका चकतीत येतो, दुसरीत येत नाही. सगळ्या निगेटिव्ह आल्या असत्या तरी 'पोटात लागण नव्हती' असं म्हणता आलं नसतं.

'आढळला, अल्प प्रमाणात' असा निकाल गेला तेव्हा बाळ 33 दिवसांचं होतं. व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या महिन्यात सुरू करणं उत्तम: किलोमागे 16 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहा महिने. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली गेले की औषध थांबवायचं. एवढं जड औषध बाळावर सुरू करायचं ते माझ्या सातपैकी तीन चकत्यांच्या भरवशावर. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, 'नक्की ना?' मी चकत्यांचा हिशेब सांगितला. 'हो' एवढंच म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरा थेंब अजून कार्डावर आहे. तो वापरून निकाल बदलणार नाही. तरी दोनदा कार्ड बाहेर काढून परत ठेवलं.